कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यांतली फ्लॅशची चमक : लाइटरूम क्लासिकच्या ‘पेट आय’ साधनाचे परीक्षण

रात्री घरात फ्लॅश लावून काढलेल्या कुत्र्या-मांजरांच्या छायाचित्रांत डोळ्यांच्या जागी हिरवे, पिवळे किंवा सरळ पांढरे झगझगीत ठिपके उमटतात आणि ज्या चेहऱ्यासाठी छायाचित्र काढले तो चेहराच परका वाटू लागतो. माणसांच्या डोळ्यांतला लाल ठिपका काढणारी साधने अनेक फोटो-सॉफ्टवेअरमध्ये पुष्कळ वर्षांपासून आहेत. प्राण्यांसाठी वेगळे साधन मात्र थोड्याच ठिकाणी सापडते. अ‍ॅडोबीच्या लाइटरूम क्लासिकमधले ‘पेट आय’ हे त्यांपैकी एक. एप्रिल २०१५ मध्ये बाजारात आलेल्या लाइटरूम ६ बरोबर ते आले आणि तेव्हापासून ‘रेड आय’च्या शेजारी आहे. घरात प्राणी असलेल्या आणि त्यांची छायाचित्रे मनापासून जपणाऱ्या माणसाला या साधनाचा कितपत उपयोग होतो, ते कुठे पुरे पडते आणि कुठे ते बाजूला ठेवून हाताने काम करावे लागते, हे इथे पाहायचे आहे.

माझे मत आधीच सांगते. प्राण्याचा पूर्ण देह दिसेल अशा, थोड्या अंतरावरून घेतलेल्या छायाचित्रांसाठी हे साधन उत्तम आहे. जवळून घेतलेल्या चेहऱ्यांसाठी, त्यातही मांजरांच्या चेहऱ्यांसाठी, ते अपुरे आहे. या मताचे मूळ सॉफ्टवेअरपेक्षा प्राण्याच्या डोळ्यात अधिक आहे, म्हणून सुरुवात डोळ्यापासून केली पाहिजे.

कुत्रा, मांजर, गाय, शेळी, घोडा अशा अनेक प्राण्यांच्या दृष्टिपटलामागे प्रकाश परतवणारा एक थर असतो, त्याला टॅपिटम ल्युसिडम म्हणतात. डोळ्यात शिरलेल्या प्रकाशापैकी जो भाग दृष्टिपटलाने पहिल्या फेरीत टिपला नाही, तो या थरावरून परतून पुन्हा दृष्टिपटलातून जातो, आणि त्यामुळे अंधूक उजेडातही या प्राण्यांचे काम चालते. कुत्र्या-मांजरांत हा थर जस्तयुक्त सूक्ष्म कणांनी भरलेल्या पेशींचा असतो, तर गाई-घोड्यांत तो कोलॅजनच्या तंतूंचा असतो. माणसाच्या डोळ्यात असा थर नाही. आपल्या डोळ्यातून फ्लॅशचा जो लाल उजेड परततो तो दृष्टिपटलामागच्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्याचा रंग घेऊन येतो आणि तुलनेने मंद असतो. टॅपिटमवरून येणारा उजेड त्याच्यापेक्षा कितीतरी तीव्र असतो, आणि त्याचा रंग प्राण्याप्रमाणे, वयाप्रमाणे आणि पाहण्याच्या कोनाप्रमाणे बदलतो. पिलांमध्ये हा थर पुरता तयार झालेला नसतो. साधारण चार महिन्यांपर्यंत त्यांच्या डोळ्यांतली चमक निळसर-जांभळी दिसू शकते आणि पुढे ती हिरव्या-पिवळ्या रंगाकडे वळते.

डोळ्यात गेलेला प्रकाश जवळजवळ आला त्याच वाटेने परततो, हा या प्रकरणाचा दुसरा भाग. फ्लॅश भिंगापासून ३ सेंटिमीटरवर असेल आणि कुत्रा ३ मीटरवर बसला असेल, तर कुत्र्याच्या डोळ्यातून पाहता फ्लॅश आणि भिंग यांच्यातला कोन अर्ध्या अंशाहून थोडा जास्त, म्हणजे सुमारे ०.६ अंश भरतो. परतणाऱ्या प्रकाशाचा झोत इतका अरुंद फरक सहज झाकतो आणि थेट भिंगात शिरतो. तोच फ्लॅश २० सेंटिमीटर दूर नेला, तर कोन जवळजवळ ४ अंशांचा होतो आणि चमक पुष्कळ कमी होते. मोबाइलमध्ये फ्लॅश भिंगाला अगदी चिकटून असतो, त्यामुळे अंधाऱ्या खोलीत मोबाइलच्या फ्लॅशने काढलेल्या छायाचित्रांत ही चमक फार तीव्र असते. त्यात अंधारामुळे प्राण्याची बाहुली आधीच पूर्ण विस्फारलेली असते, आणि कॅमेऱ्याचा फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास चमकून विझत असल्याने तिला आकुंचन पावायला वेळच मिळत नाही.

आता साधनांकडे. लाल डोळे सुधारणारी साधने रंग शोधून चालतात: डोळ्याच्या आसपासच्या भागात लाल रंग हिरव्या-निळ्यापेक्षा प्रमाणाबाहेर कुठे वाढला आहे ते पाहायचे आणि तिथला लाल कमी करायचा. माणसाच्या बाबतीत एवढे पुरते, कारण लाल काढल्यावर खाली गडद करडा उरतो आणि तोच बाहुलीचा रंग म्हणून शोभतो. फोटोशॉपमधले रेड आय टूल याच पद्धतीचे आहे. त्यात बाहुलीचा आकार आणि गडदपणा या दोनच गोष्टी बदलता येतात. गिंप या मोफत सॉफ्टवेअरमधला रेड आय रिमूव्हल फिल्टरही लाल रंगाच्याच मर्यादेवर, म्हणजे थ्रेशोल्डवर, चालतो. हिरव्या किंवा पांढऱ्या चमकेवर यांतले काहीच लागू पडत नाही. एक तर त्यांना शोधण्यासारखा लाल रंग तिथे नसतो; आणि दुसरे, अधिक महत्त्वाचे कारण असे की प्राण्याच्या डोळ्यातला रंग काढला तरी उजेड तसाच राहतो. हिरव्या चकाकीच्या जागी पांढरी चकाकी येते, इतकाच फरक पडतो.

त्या पांढऱ्या ठिपक्यात खाली दडलेला डोळा शोधून वर आणता येईल, अशी आशा रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली सगळी माहिती न दाबता साठवणारी फाइल) हाताशी असणाऱ्यांना वाटते. चमक सौम्य असेल तर ती थोडीफार खरीही ठरते. पण बहुतेक वेळा ठिपक्याच्या मध्यभागी लाल, हिरवा, निळा हे तिन्ही रंग कमाल पातळीला जाऊन भिडलेले असतात आणि रॉ फाइलमध्येही तिथे माहिती शिल्लक नसते. म्हणजे प्राण्यांच्या बाबतीत दुरुस्तीचे प्रत्येक साधन खरे तर नवी बाहुली रंगवत असते. ही रंगवलेली बाहुली त्या विशिष्ट प्राण्याच्या डोळ्यात कितपत शोभते, हीच अशा साधनाची कसोटी मानली पाहिजे.

लाइटरूम क्लासिकमध्ये डेव्हलप विभागात हिस्टोग्रॅमखालच्या (उजेडाच्या आलेखाखालच्या) साधनांच्या पट्टीत डोळ्याचे चिन्ह आहे; ते निवडले की ‘रेड आय’ आणि ‘पेट आय’ असे दोन पर्याय दिसतात. ‘पेट आय’ निवडून डोळ्याच्या मध्यापासून बाहेर ओढत वर्तुळ काढायचे, की त्या जागी गडद बाहुली तयार होते. ‘प्युपिल साइज’ हा स्लायडर तिचा आकार ठरवतो. खाली ‘अ‍ॅड कॅचलाइट’ असा चौकोन आहे. त्यावर खूण केली की बाहुलीवर एक छोटा पांढरा प्रकाशबिंदू येतो आणि तो माउसने धरून हवा तिथे सरकवता येतो. काम करताना वर्तुळाची रेघ डोळ्यांना खुपत असेल तर एच हे बटण दाबून ती लपवता येते. फोटोशॉपबरोबर येणाऱ्या, रॉ फाइली उघडणाऱ्या कॅमेरा रॉमध्येही रेड आयच्या प्रकारांत पेट आयचा पर्याय मिळतो, त्यामुळे फोटोशॉप वापरणाऱ्यांना त्यासाठी वेगळे काही घ्यावे लागत नाही.

प्रकाशबिंदू सरकवता येणे ही सोय वरवर किरकोळ वाटते, पण या साधनाचे सर्वांत मोठे श्रेय मी तिलाच देईन. फ्लॅशच्या छायाचित्रात प्राण्याच्या डोळ्यावर दोन वेगवेगळी परावर्तने होतात. एक टॅपिटमवरून, ते नको असते. दुसरे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पृष्ठभागावरून, आणि त्याने उमटणारा लहानसा पांढरा ठिपका हवा असतो, कारण डोळा ओला, जिवंत आणि आपल्याकडे पाहणारा वाटतो तो त्या ठिपक्यामुळेच. चमक झाकताना साधन दोन्ही झाकून टाकते. नुसती काळी बाहुली रंगवून थांबले तर कुत्रा पेंढा भरून ठेवल्यासारखा दिसतो. म्हणून प्रकाशबिंदू परत आणावाच लागतो, आणि तो योग्य जागी आणावा लागतो. फ्लॅश कॅमेऱ्यावरच असेल तर बिंदू बाहुलीच्या मध्याजवळ, किंचित वर येतो. खिडकीचा किंवा दिव्याचा उजेड बाजूने असेल तर तो त्या बाजूला सरकतो. दोन्ही डोळ्यांत त्याची जागा सारखीच हवी. एका डोळ्यात घड्याळातल्या दहाच्या जागी आणि दुसऱ्यात दोनच्या जागी बिंदू ठेवला तर पाहणाऱ्याला नेमके काय चुकले ते सांगता येत नाही, पण प्राणी तिरळा दिसू लागतो.

‘रेड आय’ आणि ‘पेट आय’ हे दोन्ही पर्याय एकाच ठिकाणी असण्याचा फायदा मांजरे पाळणाऱ्यांना विशेष कळेल. निळ्या डोळ्यांच्या सयामी मांजरांत आणि अनेक निळ्या डोळ्यांच्या हस्की कुत्र्यांत डोळ्याच्या मागच्या भागातले रंगद्रव्य किंवा टॅपिटमच कमी असते, म्हणून त्यांच्या डोळ्यांतली चमक माणसासारखी लाल येते. अशा वेळी प्राणी आहे म्हणून ‘पेट आय’कडे धावण्याचे कारण नाही, ‘रेड आय’ अधिक नैसर्गिक फळ देते, कारण ते मूळ डोळ्याचा पोत राखून फक्त लाल रंग शोषून घेते. एक डोळा निळा आणि एक पिवळा असलेल्या पांढऱ्या मांजराच्या छायाचित्रात तर निळा डोळा लाल चमकतो आणि पिवळा हिरवा, आणि मग एकाच चेहऱ्यावर दोन्ही पर्याय वापरावे लागतात. सशाच्या डोळ्यात टॅपिटम नसतो, त्याच्यासाठीही ‘रेड आय’च योग्य. थोडक्यात, पर्याय प्राणी पाहून निवडू नये, चमकेचा रंग पाहून निवडावा.

लाइटरूमच्या बाजूने आणखी एक गोष्ट मोलाची आहे: मूळ फाइलला ते हात लावत नाही. काढलेले वर्तुळ, बाहुलीचा आकार, बिंदूची जागा या सर्व सूचना म्हणून वेगळ्या नोंदल्या जातात आणि कधीही मागे घेता येतात. आज बरी वाटलेली दुरुस्ती काही महिन्यांनी मोठ्या पडद्यावर पाहताना खोटी वाटली तर ती काढून नव्याने करता येते. लाडक्या प्राण्याचे छायाचित्र पुन्हा काढण्याची संधी प्रत्येक वेळी मिळत नाही. जो प्राणी आता घरात नाही त्याची उरलेली छायाचित्रे दुरुस्त करणाऱ्यासाठी ही सोय अत्यावश्यक आहे.

हे साधन कुठपर्यंत पुरते, याचा हिशेब छायाचित्राच्या मापावरून मांडता येतो. २४ मेगापिक्सेलच्या, म्हणजे ६००० × ४००० बिंदूंच्या (पिक्सेलच्या) छायाचित्रात अंगणात उभ्या असलेल्या पूर्ण कुत्र्याची बाहुली साधारण ४० बिंदू रुंद आहे असे धरू. त्याची ४ × ६ इंची प्रत ३०० डीपीआयने (इंचाला ३०० बिंदू) छापली तर त्या ४० बिंदूंचे १२ होतात आणि कागदावर बाहुली अवघी एक मिलिमीटर भरते. एवढ्या जागेत सपाट काळा ठिपका आणि त्यावरचा एक पांढरा बिंदू पुरेसा असतो. खरी बाहुलीही त्या मापात तशीच दिसते. लग्नकार्यात, दिवाळीच्या रात्री, वाढदिवसाला घरच्या माणसांच्या घोळक्यात मधेच बसलेल्या कुत्र्याची जी छायाचित्रे निघतात ती बहुतेक या वर्गात मोडतात, आणि तिथे ‘पेट आय’ इतके झटपट आणि स्वच्छ काम दुसरे साधन करत नाही. आता त्याच कॅमेऱ्याने मांजराचा चेहरा चौकटभर घेतला आणि बाहुली ४०० बिंदूंची झाली, तर ८ × १२ इंची प्रतीत ती दोन सेंटिमीटर रुंद येते. तिथे सपाट काळे वर्तुळ लपत नाही.

लपत नाही याची कारणे सांगायला हवीत, कारण त्यांवर उपायही आहेत. खरी बाहुली कधी एकसारखी काळी नसते. तिच्या कडेला बुबुळाचा, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत कड्याचा, रंग विरघळत जातो आणि तिच्या पृष्ठभागावर खोलीचे अंधूक प्रतिबिंब पडलेले असते. शिवाय टॅपिटमची चमक बाहुलीपुरती थांबत नाही. ती कडेने फुटून बुबुळावर आणि कधी पापणीच्या केसांवरही हिरवट झाक सोडते, आणि बाहुली काळी केल्यावर ही झाक अधिकच उठून दिसते. ‘पेट आय’ ती झाक काढत नाही. लाइटरूममध्येच ब्रशने मास्क (बदल जेवढ्यापुरता लागू करायचा तो भाग) आखून, त्यात रंगाची तीव्रता कमी करून ही कड साफ करता येते, आणि दोन्ही पायऱ्या मिळूनच दुरुस्ती पुरी झाली असे मी म्हणेन. पापणी ही तिसरी अडचण. बासेट हाउंडसारख्या कुत्र्यांत, किंवा झोपाळलेल्या कोणत्याही कुत्र्यात, वरची पापणी बाहुलीवर थोडी उतरलेली असते. पूर्ण वर्तुळ काढले तर काळा रंग पापणीवर चढण्याचा धोका असतो. वर्तुळ लहान ठेवून, पापणीखाली जेवढी बाहुली खरोखर दिसते तेवढीच झाकावी.

काळ्या कुत्र्यांबद्दल वेगळे सांगितले पाहिजे. काळ्या लॅब्राडॉरच्या किंवा आपल्याकडच्या काळ्या गावठी कुत्र्याच्या चेहऱ्यात डोळा ओळखू येतो तो बुबुळाच्या तपकिरी कड्यामुळे. चमक पूर्ण झाकण्याच्या नादात ‘प्युपिल साइज’ मोठा केला की हे कडे नाहीसे होते आणि काळ्या केसांत काळे भोक उरते. अशा छायाचित्रात बाहुली थोडी लहान ठेवून उरलेली चमक ब्रशने मंद करणे केव्हाही बरे.

मांजराच्या उभ्या फटीसारख्या बाहुलीमुळे वर्तुळाकार साधन निकामी ठरते, असा एक आक्षेप घेतला जातो. तो निम्माच खरा आहे. फ्लॅशची चमक जिथे सर्वांत तीव्र येते त्या अंधाऱ्या खोलीत मांजराची बाहुलीही विस्फारून जवळजवळ गोल झालेली असते, म्हणून गोल बाहुली तिथे चुकीची नाही. अडचण येते ती मध्यम उजेडात, म्हणजे संध्याकाळी दिवे लावलेल्या खोलीत, जिथे बाहुली उभी लंबगोल आणि टोकांना निमुळती असते. तिथे गोल काळा ठिपका ठेवला तर मांजर घाबरल्यासारखे दिसते, आणि ज्यांना ते मांजर रोज दिसते त्यांच्या लक्षात हे लगेच येते.

अ‍ॅडोबीच्याच फोटोशॉप एलिमेंट्समध्ये हा पर्याय लाइटरूमच्या आधी, २०१३ च्या एलिमेंट्स १२ पासून आहे. तिथल्या डोळ्यांच्या साधनात ‘पेट आय’वर खूण करायची आणि डोळ्यावर चौकट ओढायची, एवढेच काम. नवशिक्यांना ते लाइटरूमपेक्षा सोपे जाईल. पण ते थेट चित्राच्या बिंदूंवर काम करते, म्हणून आधी लेअरची (चित्राच्या थराची) प्रत काढून दुरुस्ती त्या प्रतीवर करावी. त्याचा एक फायदाही आहे: वरच्या लेअरची अपारदर्शकता ८५-९० टक्क्यांवर आणली की रंगवलेली बाहुली थोडी मवाळ होते. खरेदीच्या बाबतीत दोन्ही सारखी नाहीत. लाइटरूम ६ ही एकदाच पैसे भरून घेता येणारी शेवटची आवृत्ती होती. लाइटरूम क्लासिक आता वर्गणीवरच मिळते, आणि एलिमेंट्सची २०२५ ची आवृत्ती तीन वर्षांच्या परवान्याने विकली जाऊ लागली. केवळ कुत्र्या-मांजरांचे डोळे सुधारण्यासाठी लाइटरूमची वर्गणी भरावी असे मी कोणालाही सुचवणार नाही. ज्यांच्याकडे ते आधीच आहे त्यांनी मात्र हे साधन वापरून पाहावेच.

बाकीच्यांसाठी, आणि जवळून घेतलेल्या चेहऱ्यांसाठी तर सर्वांसाठीच, गिंप हा माझ्या मते अधिक चांगला मार्ग आहे. त्यात प्राण्यांसाठी तयार साधन नाही, हाताने करावे लागते, पण त्या हाताच्या कामातच वर सांगितलेल्या सर्व अडचणींची उत्तरे आहेत. चित्र मोठे करून लंबगोल निवडीच्या साधनाने बाहुली निवडावी. मांजराची निमुळती बाहुली असेल तर मुक्त निवडीचे साधन घेऊन तिचा आकार हाताने काढावा. निवडीची कड बाहुलीच्या रुंदीच्या साधारण दहाव्या भागाइतकी फेदरने मऊ करावी. मग नवा पारदर्शक लेअर घेऊन त्यात रंग भरावा, पण तो शुद्ध काळा नको. शून्य ते २५५ या मोजमापात १५ ते २५ च्या दरम्यानचा, बुबुळाच्या रंगाकडे किंचित झुकलेला गडद रंग घेतला की बाहुली चेहऱ्यात मिसळते. लेअरला मास्क (त्याचा हवा तो भाग झाकणारा पडदा) जोडून पापणीवर आलेला रंग मऊ ब्रशने पुसावा. डोळ्याच्या पृष्ठभागावरचा मूळ प्रकाशबिंदू टॅपिटमच्या चमकेपासून वेगळा ओळखू येत असेल तर त्याच मास्कमधून तो उघडा ठेवावा. कृत्रिम बिंदूपेक्षा तो नेहमीच सरस असतो, कारण त्याची जागा, आकार आणि धार छायाचित्रातल्या खऱ्या उजेडाने ठरवलेली असते. तो चमकेत बुडून गेला असेल तरच वेगळ्या लेअरवर लहान पांढरा बिंदू काढून गॉशियन ब्लरने किंचित धूसर करावा. मार्च २०२५ मध्ये आलेल्या गिंप ३.० पासून असे फिल्टर लेअरवर कायमचे भाजले न जाता नंतरही बदलता येतात, ही या कामात मोठी सोय झाली आहे. शेवटी फाइल गिंपच्या स्वतःच्या एक्ससीएफ स्वरूपात जतन करावी, म्हणजे सर्व लेअर शाबूत राहतात.

त्याच प्राण्याच्या दुसऱ्या, चमक नसलेल्या छायाचित्रातून डोळा उचलून इथे बसवणे हाही जुना आणि चांगला उपाय आहे, फक्त ते दुसरे छायाचित्र निवडताना उजेड पाहावा. भर दुपारी खिडकीत बसलेल्या मांजराची बाहुली बारीक रेघेएवढी असते. ती रात्रीच्या छायाचित्रात बसवली तर डोळा खरा असूनही चित्र खोटे दिसते. मान ज्या दिशेला वळली आहे ती दिशाही जुळली पाहिजे.

फोटोशॉपमध्ये २०२३ पासून आलेल्या जनरेटिव्ह फिलने (कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्राचा भाग नव्याने बनवणाऱ्या साधनाने) डोळ्याचा भाग निवडून नवा डोळा भरून घेता येतो आणि तो दिसायला बहुधा सुंदरच येतो. माझा या कामासाठी त्याला विरोध आहे. बुबुळातले सोनेरी ठिपके, कडेचा हिरवा पट्टा, एका डोळ्यात असलेला आणि दुसऱ्यात नसलेला तपकिरी डाग या खुणांवरूनच आपण आपला प्राणी ओळखतो. आणि सरासरीने बनवलेल्या डोळ्यात त्या नसतात. बाहुली रंगवताना आपण फक्त काळोख भरतो, बुबुळाला हात लावत नाही. ही मर्यादा पाळली तर छायाचित्र त्याच प्राण्याचे राहते.

मूळ छायाचित्र न खोडता जपून ठेवण्याचे आणखी एक गंभीर कारण आहे. दोन डोळ्यांतली चमक वेगवेगळी दिसणे बहुतेक वेळा केवळ कोनामुळे घडते. पण कुत्र्यांना होणाऱ्या प्रोग्रेसिव्ह रेटिनल अ‍ॅट्रोफी या आजारात दृष्टिपटल हळूहळू पातळ होत जाते, बाहुली उजेडातही मोठी राहते आणि टॅपिटमची चमक पूर्वीपेक्षा वाढते. घरच्यांच्या लक्षात येणाऱ्या पहिल्या खुणांत ही वाढलेली चमक असू शकते. मोतीबिंदूत बाहुली पांढुरकी दिसते. प्राण्याच्या डोळ्यांची चमक काळानुसार बदलत चालली असे जुन्या-नव्या छायाचित्रांवरून वाटले, किंवा तो रात्री वस्तूंना धडकू लागला, तर पशुवैद्याला दाखवताना न सुधारलेली छायाचित्रे सोबत न्यावीत. त्याच छायाचित्रात लहान मूल असेल आणि त्याच्या डोळ्यात लाल ऐवजी पांढरी चमक दिसली, तीही एकाहून अधिक छायाचित्रांत, तर ती अजिबात सुधारत बसू नये. रेटिनोब्लास्टोमा या डोळ्याच्या कर्करोगाची ती खूण असू शकते आणि मुलाला तातडीने नेत्रतज्ज्ञाकडे न्यायला हवे.

दुरुस्तीची वेळच येऊ नये यासाठी करायच्या गोष्टी त्या मानाने सोप्या आहेत. फ्लॅश बंद ठेवून खोलीतले सगळे दिवे लावावेत, म्हणजे बाहुलीही लहान होते. कॅमेऱ्यात आयएसओ (प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) ३२०० किंवा ६४०० पर्यंत वाढवावा, कारण त्यामुळे येणारे दाणे कमी करणे आता हरवलेला डोळा रंगवण्यापेक्षा खूप सोपे झाले आहे. कॅमेऱ्यातली लाल डोळे टाळणारी पूर्वचमक प्राण्यांना उपयोगी पडत नाही. बाहुली थोडी आकुंचन पावली तरी टॅपिटमचा उजेड तीव्रच राहतो, आणि पहिल्या चमकेला दचकून प्राणी डोळे मिटतो किंवा तोंड फिरवतो. फ्लॅश लावणे भागच असेल तर बाहेरून जोडायचा फ्लॅश छताकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे वळवावा. ते शक्य नसेल तर घरातल्या दुसऱ्या कोणाला कॅमेऱ्याच्या एका बाजूला हातभर अंतरावर उभे राहून प्राण्याला हाक मारायला सांगावे. नजर भिंगाच्या रेषेतून तेवढी बाजूला गेली की चमकेचा जोर पुष्कळ उतरतो, आणि जी थोडी उरते ती ‘पेट आय’च्या आवाक्यातली असते.